चित्रांवरची व्याख्यानं आणि रेखाटनाचा वर्ग, कोल्हापूर: पैसे वसूल, पण प्रोजेक्टर बदला

आधी कामाचं सांगते, कारण फोन करणाऱ्या मैत्रिणी पहिल्यांदा तेच विचारतात. आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हा वर्ग भरतो. साडेनऊला सुरू, साडेबाराला सुटतो. पहिला सव्वा तास मॅडम चित्रं दाखवत बोलतात, मग चहा, मग सर कागद देऊन बसवतात. पूर्ण बॅचची फी बाराशे रुपये, साठीच्या पुढच्यांना निम्मी. कार्ट्रिज पेपर त्यांचा. पेन्सिली, खोडरबर आणि क्लिपचं पॅड आपलं आपण न्यायचं. चित्र काढता येण्याची अट नाही. येत असेल तर थोडी अडचणच होते, ते पुढे कळेल.

माझं राजारामपुरीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. रविवारची सकाळ म्हणजे माझी धुणं, दळण आणि राहिलेले हूक लावायची वेळ. ती सोडून मी तिथे जाऊन बसले, यावरूनच काय ते समजा.

बॅचमध्ये बँकेतून निवृत्त झालेले काका होते, दोन नर्स होत्या, गुळाच्या अडतीतले एक गृहस्थ, अकरावीतल्या चार-पाच मुली आणि आजीबरोबर आलेला सातवीतला एक पोरगा. निम्म्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली. उरलेल्यांना त्याच परीक्षांची अजून धास्ती. स्मरणचित्रात बैलगाडीचं चाक गोल आलं नाही म्हणून बोलणी खाल्लेली माणसं साठाव्या वर्षीही पेन्सिल हातात घेताना अंग चोरतात. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, इथे ग्रेड नाही. तरी बँकेतले काका दर वेळी कागद सरांपुढे धरून विचारायचेच, "ए की बी?"

माझं खरं लक्ष गुंतलं ते धुरंधरांच्या रविवारी. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, आपल्या कोल्हापूरचेच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवलं, आणि त्या शाळेच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय तेच. त्यांनी केलेली पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं, जलरंगातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या बायका असं बरंच मॅडमनी पडद्यावर दाखवलं. मॅडम बोलत होत्या इंग्रजांच्या काळातल्या कलाशिक्षणाबद्दल आणि मी बघत होते काष्ट्याकडे. नऊवारी नेसलेली बाई पाऊल पुढे टाकते तेव्हा मागे खोचलेल्या कासोट्यामुळे मांडीवर कापड ताणलं जातं आणि गुडघ्याच्या खाली ते मोकळं होतं. ओचा जिथे खोचलेला असतो तिथे चुण्यांचा गुच्छ होतो आणि तिथून त्या पसरत जातात. हे सगळं त्या चित्रांत आहे. नुसत्या चालण्याच्या ढंगावरून ही घाटावरची, ही कोळीण, ही ब्राह्मणाघरची असं ओळखू येत होतं, आणि त्याचं कारण चेहरा नव्हे, नेसणं. या माणसाने साडी नेसताना बघितली असणार, नेसलेली नुसती नव्हे, असं मी शेजारच्या नर्सबाईंना म्हटलं. मॅडमना ते ऐकू गेलं. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि पडद्याजवळ उभं करून सगळ्यांना दाखवायला सांगितलं. व्याख्यानाचं तिथून जे काही व्हायचं ते झालं. पुढची वीस मिनिटं हॉलमध्ये नुसता कासोटा चालला होता.

चहानंतर सरांनी एका स्टुलावर जुनी सुती नऊवारी टाकली आणि शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर एक रेशमी साडी. चारकोल दिला. म्हणाले, "साडी काढायची नाही. कापड कुठून लटकतंय ते शोधा. तिथे एक ठिपका द्या. मग त्या ठिपक्यातून निघणाऱ्या चुण्या काढा. काठ, बुट्टी, पदर काही नको." बँकेतल्या काकांनी वरून खाली सरळ उभ्या रेघा ओढल्या आणि थांबले. सर त्यांच्याजवळ गेले, स्टुलाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि कापड किंचित उचलून सोडलं. सगळ्या चुण्या त्या कोपऱ्याकडे वळल्या. काकांच्या तोंडून नुसतं "हात्तिच्या!" निघालं. त्यानंतर त्यांनी जे काढलं ते स्टुलावरचं कापड होतं, कोणीही ओळखलं असतं.

सुती कापड वळतं, रेशीम मोडतं. हे माझ्या हाताला ठाऊक आहे, कारण कात्रीखाली दोन्ही वेगळी वागतात. पण सुती चुणीची सावली मऊ उतरते आणि रेशमाच्या घडीला धारेवर उजेड नि लगेच खाली काळोख असतो, हे मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. आता ट्रायलला गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की मुंढ्यापासून ओढ कुठे निघते आणि छातीवर कुठे थांबते, ते लांबूनच दिसतं. दोन गिऱ्हाइकांच्या कटोरीचं माप मी त्यावरून बदललं. हे सरांना सांगितलं तर ते एवढे खूश झाले की त्या दिवशी मला जादा कागद मिळाला.

दुसरा लक्षात राहिलेला रविवार हळदणकरांचा. हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र मॅडमनी दाखवलं आणि विचारलं, कोणाचं? अर्धा हॉल एका सुरात, "रविवर्मा!" आम्हा सगळ्यांच्या घरी, सलूनमध्ये, डॉक्टरांकडे ते कधी ना कधी लागलेलं होतं आणि खाली नाव नव्हतं. रविवर्मा १९०६ सालीच गेले. हे चित्र १९४५-४६ चं, सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं, आणि सध्या म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. चित्रासाठी समोर उभ्या राहिल्या होत्या त्यांच्याच कन्या, गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. त्या आपल्याच कोल्हापुरात राहत होत्या आणि २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. हे ऐकल्यावर हॉलमध्ये जी कुजबुज सुरू झाली ती चहापर्यंत थांबली नाही. आपण म्हैसूरला सहलीला जाऊन तिकीट काढून जिचं चित्र बघतो, ती बाई आपल्याच गावात भाजी घेत होती म्हणजे!

तर ते चित्र जलरंगातलं आहे. मला वाटत होतं, तैलरंग असणार. जलरंगात उजेड वरून चढवता येत नाही. कागदाचा पांढरा आधीपासून राखून ठेवावा लागतो, आणि एकदा तिथे रंग गेला की गेला. महागाच्या खणाला कात्री लावण्यासारखं काम ते. दिव्यावर आडवा धरलेला हात, त्याच्या बोटांच्या कडांतून लाल उजेड झिरपतोय, आणि तो लाल आजूबाजूचा अंधार किती गडद ठेवला त्यावर ठरतो. हे सरांनी नुसतं सांगितलं नाही. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या, जोडी-जोडीने बसवलं, एकाने मोबाइलचा टॉर्च लावून त्यापुढे तळहात धरायचा आणि दुसऱ्याने बघायचं. पहिली दहा मिनिटं कागदाला हात लावायची बंदी. बोटांच्या पेरांत हाडाची सावली दिसते का? बोटांच्या मधल्या फटी जास्त लाल की नखांच्या कडा? मग काळा रंग न वापरता, तपकिरी आणि निळ्यातून अंधार करायचा. माझा हात कागदावर पंजाच झाला, पण दोन बोटांच्या मधली एक फट अशी जमली की शेजारच्या मुलीने तिचा फोटो काढला. तो तिच्या स्टेटसला लागला, माझं नाव न घालता. असो.

मॅडमचं बोलणं चांगलं आहे, माहितीला कमी नाही, पण एका रविवारात फार कोंबतात. अजिंठ्याच्या दिवशी तर डोळे मिटायला लागले होते. त्यातलं एकच घट्ट बसलं: लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला माणसं वर्षानुवर्षं तिथे राहिली. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.ची मुलं नेऊन पुन्हा काम केलं, आणि १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही कितीतरी जळाल्या. हे ऐकून अडतीतले काका म्हणाले, "मग नेलीच कशाला तिकडं?" मॅडमकडे याचं लांबलचक उत्तर होतं, पण मला काकांचा प्रश्न जास्त पटला. त्यानंतर सरांनी गेरू आणि एकच जाड ब्रश देऊन एका दमात हाताची मुद्रा काढायला लावली, ब्रश उचलायचा नाही. ते छान होतं, पण तेवढ्यात साडेबारा वाजले.

आणि इथेच प्रोजेक्टर. त्या यंत्रातून सगळं निळसर दिसतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व असा दिसत होता की त्याला कुणीतरी आधी दवाखान्यात न्यावं. रंगांवर व्याख्यान आणि पडद्यावर रंगच खोटे, यावर पहिल्या आठवड्यापासून सगळे बोलत होते. संयोजकांनी "पुढच्या वेळी बघू" असं म्हटलं आणि बॅच संपेपर्यंत पुढची वेळ काही आली नाही. शेवटी अकरावीतल्या मुलींनी चित्रं आपापल्या फोनवर काढून आम्हाला दाखवली. बाराशे रुपयांत नवा प्रोजेक्टर येत नाही हे मलाही कळतं. पण मग फुलं, शाल आणि पाहुण्यांचा सत्कार यांचा खर्च आधी कापा. दर व्याख्यानाआधी दहा मिनिटं सत्कार कशासाठी? मॅडम तर दर आठवड्याला त्याच.

रविवर्मांच्या छापील चित्रांचा दिवस सगळ्यांच्या आवडीचा ठरला. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला त्यांचा छापखाना, छपाईसाठी एकेका रंगाचा वेगळा दगड, ते मॅडमनी रंगीत पारदर्शक कागद एकावर एक ठेवून फार सोपं करून दाखवलं. पण त्याहून भारी म्हणजे त्यांनी एक खरी जुनी लक्ष्मी फ्रेमसकट आणली होती. तिच्या छापील साडीवर कुणीतरी खरं कापड, जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. तेव्हा घरोघरी हे चालायचं म्हणे. बाजारातून देव आणायचा आणि घरी सजवायचा. मी ती फ्रेम खिडकीपाशी नेऊन बघितली. काचेच्या आतलं नीट दिसत नव्हतं, तरी टाका ओळखता येत होता: बारीक, सारख्या अंतराचा, दोरा मागून न ओढलेला. पदराच्या टोकाला मात्र टाके लांब पडलेत. त्या बाईला तिथे कंटाळा आला असणार किंवा चूल हाका मारत असणार. नाव कुठेच नाही तिचं. चित्रकाराचं आहे, छापखान्याचं आहे. मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही जुन्या छापाच्या झेरॉक्सवर कापडाचे तुकडे लावले. चिंध्यांची पिशवी माझ्या दुकानातली. सातवीतल्या पोराने सरस्वतीला जीन्सच्या कापडाची साडी नेसवली, त्याच्या आजीने आधी कपाळाला हात लावला आणि मग हंसालाही डेनिमच लाव म्हणून सांगितलं.

बाहेर नेलं ते एकदाच, कोटितीर्थ तळ्यावर. चित्रकार आबालाल रहिमान यांच्यासाठी. जे. जे.त शिकून हा माणूस मुंबईत न थांबता कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि याच तळ्याची वेगवेगळ्या वेळची चित्रं करत राहिला. १९३१ मध्ये गेला. महाराज गेल्यानंतर त्याने आपली पुष्कळ चित्रं या तळ्यातच टाकली, अशी गोष्ट गावात सांगतात. सरांनी ती काठावर उभं राहून सांगितली आणि सगळे पाण्याकडे बघायला लागले, जणू अजून एखादं वर येईल. मग काम: एकच जागा, वीस-वीस मिनिटांचे तीन कागद, फक्त तीन छटा. उजेड, मधली आणि काळी. झाडाची पानं काढली की सर पॅड ओढून घ्यायचे. तिसऱ्या कागदापर्यंत ऊन एवढं वर आलं होतं की पहिल्या कागदावर जिथे काळं होतं तिथे आता पांढरं सोडावं लागलं. डास भरपूर. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलं, "म्युन्सिपाल्टीचा सर्व्हे हाय काय?" नर्सबाई म्हणाल्या, "होय, तुमचं घर पाडायचंय." तो खरंच गेला घाईने.

बाबूराव पेंटरांवरचं व्याख्यान चांगलं झालं, पण आमच्या बॅचमधल्या म्हाताऱ्यांना मॅडमपेक्षा जास्त माहीत होतं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा घडवून १९२० मध्ये मूकपट आणणारा माणूस. त्याच्याबद्दल कोल्हापुरात बोलायचं तर ऐकणाऱ्यांनाच जास्त बोलू द्यावं. केशवराव भोसले नाट्यगृहाचा विषय निघाला, २०२४ च्या ऑगस्टमधल्या आगीचा, आणि मग अर्धा तास कोणालाच पडद्याकडे बघायचं नव्हतं. त्या दिवशी रेखाटन झालंच नाही. मला वाईट वाटलं नाही.

शेवटच्या रविवारी "सर्जनशील मुक्त चित्रण" नावाचा प्रकार होता, त्यासाठी बाहेरून एक पाहुणे आणले होते. बासरी लावली, डोळे मिटायला सांगितलं, मनात येईल ते रंगवा, इथे काही चूक नसतं, वगैरे. दीड तासात सगळ्यांच्या कागदावर तेच: डोंगर, सूर्य, एक झाड, नाहीतर गोल गोल रंग. मोकळं सोडलं की माणूस शाळेत पाठ केलेलंच काढतो. स्टुलावरची साडी काढताना, तीन छटांत तळं काढताना, अंधारात एकमेकांचा तळहात बघताना प्रत्येकाचा कागद वेगळा आला होता. तिथे अटी होत्या म्हणून. माझा कागद जांभळा झाला, पाहुण्यांना त्यात वेदना दिसली. मला बासरीत झोप आली होती. या सत्राऐवजी सरांना अजून एक रविवार द्या, एवढीच विनंती. प्रमाणपत्राचा फोटो काढण्यात गेलेला पाऊण तासही त्यांनाच द्या.

बसायच्या सोयीबद्दल: प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, टेबलं नाहीत. मांडीवर पॅड धरून दीड तास काढणं साठीच्या पुढच्यांना जड जातं. मान दुखत असेल तर घरून उशी न्या, मी नेत होते. चहा गोड असतो, पण मागितला तर बिनसाखरेचा मिळतो. पेन्सिली दोन पुरतात, एक एचबी आणि एक ६बी. दुकानदार बारा पेन्सिलींचा डबा गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. चारकोल लागणार त्या दिवशी चांगला ब्लाउज घालून जाऊ नका, तो काळा डाग पाण्याने चोळला की पसरतो. आधी कोरडाच झटका, मग साबण. लहान मुलं चालतात, पण दहाच्या आतल्यांना पहिला सव्वा तास झेपणार नाही. त्यांना चहाच्या वेळेला आणून सोडा, सर घेतात.

पुढच्या बॅचला सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्यायचं बोलणं चाललंय, श्री भवानी संग्रहालयात. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं ते, आणि तिथे रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत. छापातली साडी बघून झाली, आता मूळची बघायची आहे मला, काचेशिवाय आणि निळ्या प्रोजेक्टरशिवाय. बस ठरली तर पुढची खिडकी माझी, मला गाडी लागते. फक्त दिवाळीच्या आधी ठेवू नका. तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि अस्तरासकट तीस-चाळीस ब्लाउज टांगलेले असतात.